मक्तेदारीवरचा कर आणि किंमत नियंत्रण शिकवणारा कोर्स: सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतेय. अपूर्ण स्पर्धेतल्या बाजारात कर लावला किंवा किमतीवर मर्यादा घातली तर नेमकं काय होतं, हे इतकं सोडवून सांगणारा दुसरा ऑनलाईन कोर्स माझ्या तरी बघण्यात नाही. एक स्टार का कापला ते पुढे लिहिलंय, कारण कोर्स जिथे कमी पडतो ती जागा नेमकी महत्त्वाची आहे आणि घेणाऱ्याला ते आधी माहीत असलेलं बरं. रिव्ह्यू लांब आहे, वेळ काढून वाचा.

आधी हे सांगते की या विषयाची एवढी गरज का वाटली. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सगळीकडे जवळपास एकच चित्र शिकवतात, मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा, कर लावला की पुरवठ्याची रेषा वर सरकते, भार थोडा ग्राहकावर थोडा विक्रेत्यावर, आणि कमाल किंमत ठरवून दिली की टंचाई. झालं, धडा संपला. पण हे सगळं चित्र पूर्ण स्पर्धेचं आहे, म्हणजे असा बाजार जिथे एकाही विक्रेत्याच्या हातात किंमत नाही. प्रत्यक्षात आपण ज्यांच्याकडून वस्तू आणि सेवा घेतो त्यातले कितीतरी बाजार तसे नसतात, कुठे एकच कंपनी, कुठे तीन-चार, कुठे खूप आहेत पण प्रत्येकाचा ब्रँड वेगळा. तिथे किंमत कंपनी ठरवते, आणि जो किंमत ठरवतो तो कराला आणि मर्यादेला वेगळ्या पद्धतीने उत्तर देतो. मग लोक वाद घालताना "कर शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातो" किंवा "किंमत नियंत्रण म्हणजे टंचाई ठरलेली" अशी वाक्यं सरसकट फेकतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोन्ही वाक्यं काही बाजारांत खरी आहेत आणि काही बाजारांत साफ चुकीची, आणि कुठला बाजार आहे हे कोणी विचारतच नाही. हा कोर्स तो प्रश्न पहिल्या व्हिडिओपासून विचारतो म्हणून मला आवडला.

आता कोर्समध्ये काय काय आहे. रेकॉर्डेड व्हिडिओ आहेत, प्रत्येक भागाच्या शेवटी सरावप्रश्न आहेत आणि सोबत एक सिम्युलेटर आहे. व्हिडिओ ठीक आहेत, शिकवणाऱ्या बाई शांतपणे बोलतात, फळ्यावर हाताने रेषा काढतात, घाई नाही. पण पैसे वसूल होतात ते सिम्युलेटरमध्ये. डाव्या बाजूला स्लायडर आहेत: मागणीची रेषा, सीमांत खर्च (आणखी एक नग बनवायचा खर्च), कंपन्यांची संख्या, कर किती, कर कुठल्या प्रकारचा, कमाल किंमत किती. उजवीकडे आलेख आणि खाली एक तक्ता, त्यात किंमत, विक्री, नफा, ग्राहकाचं संतोषाधिक्य (जेवढे द्यायची तयारी होती त्यातून प्रत्यक्ष दिलेले वजा), सरकारचा महसूल आणि डेडवेट लॉस (न झालेल्या विक्रीमुळे समाजाचं नुकसान). एक स्लायडर हलवला की सगळे आकडे बदलतात. पुस्तकात दोन पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे दोन मिनिटांत दिसतं.

त्यातलं पहिलंच उदाहरण इथे देते म्हणजे अंदाज येईल. मागणी अशी की किंमत म्हणजे १०० वजा विकलेले नग, आणि एक नग बनवायचा खर्च २०, कितीही बनवा २०च. पूर्ण स्पर्धा असेल तर किंमत २० आणि विक्री ८०. एकच कंपनी असेल तर ती ४० नग बनवते आणि ६० ला विकते, नफा १६००, आणि न झालेल्या विक्रीमुळे समाजाचं नुकसान ८००. आता नगामागे १० कर लावा. पूर्ण स्पर्धेत किंमत २० ची सरळ ३० होते, म्हणजे पूर्ण कर ग्राहकावर. मक्तेदारीत किंमत ६० वरून ६५ होते, अर्धाच कर पुढे ढकलला जातो आणि उरलेला अर्धा कंपनी स्वतः सोसते. आता हे पाहून कोणीही म्हणेल की वा, मक्तेदारावर कर लावणं ग्राहकाला स्वस्त पडतं! पण बाई तिथे थांबत नाहीत, त्या लगेच खालच्या तक्त्याकडे बोट दाखवतात. सरकारला मिळाले ३५०. कंपनीचा नफा १६०० वरून १२२५ वर आला, म्हणजे ३७५ गेले, ग्राहकाचं संतोषाधिक्य ८०० वरून ६१२.५ वर आलं, म्हणजे १८७.५ गेले. दोघांचे मिळून ५६२.५ गेले आणि तिजोरीत आले ३५०. मधले २१२.५ कोणालाच मिळाले नाहीत. तोच १० चा कर पूर्ण स्पर्धेत लावला तर हे वाया जाणं फक्त ५० असतं, आणि महसूल ७००.

का असं? कारण मक्तेदार आधीच कमी बनवत असतो. पूर्ण स्पर्धेत करामुळे जे पहिले काही नग कमी होतात ते असे असतात की ग्राहकाला त्यांची किंमत आणि बनवायचा खर्च जवळपास सारखाच, त्यामुळे ते गेल्याचं फारसं दुःख नाही. मक्तेदारीत जो पहिला नग कमी होतो तो ग्राहकाला ६० चा आणि बनवायला २० चा, म्हणजे एका नगामागे ४० चं नुकसान सुरुवातीलाच. ही एक गोष्ट समजली की पुढचा अर्धा कोर्स सोपा जातो, आणि बाईंनी ती आलेखावर एकेक नग वगळत दाखवलीय, हा व्हिडिओ मी कोणालाही आवर्जून बघायला सांगेन.

पुढचा भाग मागणीच्या रेषेच्या आकारावर आहे आणि इथेच कळतं की "अर्धा कर पुढे जातो" हे सुद्धा पाठ करायचं वाक्य नाही. ते फक्त सरळ रेषेच्या मागणीचं आणि न बदलणाऱ्या सीमांत खर्चाचं उत्तर आहे. मागणीची लवचिकता (किंमत एक टक्का वाढली की मागणी किती टक्के घटते) सगळीकडे २ असेल असा वक्र घेतला की मक्तेदार सीमांत खर्चाच्या दुप्पट किंमत लावतो, खर्च २० असताना ४०, आणि १० कर लागला की खर्च ३० झाला म्हणून किंमत ६०. म्हणजे कर १० आणि दरवाढ २०! ऐकायला खोटं वाटतं पण गणित पक्कं आहे, आणि प्रत्यक्ष बाजारात असं कराहून जास्त दर वाढल्याच्या नोंदीही संशोधकांनी केलेल्या आहेत. मक्तेदारीवरच्या कराचं हे गणित कूर्नो या फ्रेंच अभ्यासकाने १८३८ सालीच मांडलं होतं हे बाईंनी सांगितलं तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं, जवळपास दोनशे वर्षं झाली आणि अजून आपण सगळीकडे पूर्ण स्पर्धेचंच चित्र काढत बसलोय.

नगामागे कर आणि किमतीच्या टक्केवारीने कर यातला फरक, हा कोर्समधला माझा सगळ्यात आवडता भाग. पूर्ण स्पर्धेत दोन्हीत फरक नसतो, तेवढाच महसूल हवा असेल तर कसाही लावा. मक्तेदारीत मात्र मोठा फरक पडतो. वरच्याच उदाहरणात नगामागे १० ऐवजी किमतीच्या एक तृतीयांश कर लावला तर किंमत तीच ६५, विक्री तीच ३५, पण महसूल ३५० च्या ऐवजी ७५८! ग्राहकाला काहीच फरक नाही, जास्तीचे पैसे सगळे कंपनीच्या नफ्यातून आले. किंवा उलटं बघा, सरकारला साधारण ३५० च हवेत, तर १५ टक्के कर पुरतो, महसूल ३५४ येतो आणि किंमत ६५ ऐवजी ६१.७६ च राहते. कारण सोपं आहे, टक्केवारीच्या करात कंपनीने किंमत वाढवली की त्या वाढीतलाही हिस्सा सरकार घेतं, त्यामुळे किंमत वाढवायचा मोह कमी होतो. विक्सेल या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने हे १८९६ मध्ये ओळखलं होतं आणि सूट्स आणि मसग्रेव्ह या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५३ मध्ये नीट सिद्ध केलं. अर्थसंकल्पाच्या चर्चेत कर किती यावर सगळे तावातावाने बोलतात, कर कशावर मोजायचा यावर फार कमी लोक बोलतात, आणि इथे तर एकट्या त्या निवडीने महसूल दुपटीच्या वर गेला.

नफ्यावरचा कर आणि एकरकमी लायसन्स फी यावर छोटा व्हिडिओ आहे, तो पटकन बघून टाका. मुद्दा एवढाच की अशा कराने मक्तेदाराची किंमत हलत नाही, कारण एक नग जास्त बनवायचा की नाही हा हिशोब तसाच राहतो, नुसता नफा कमी होतो. फी नफ्याहून मोठी केली तर मात्र कंपनी दुकानच बंद करेल. सबसिडीचा व्हिडिओ त्याच्यापेक्षा चांगला. पहिल्या उदाहरणातल्या मक्तेदाराने पूर्ण स्पर्धेइतके ८० नग बनवावेत म्हणून नगामागे किती सबसिडी द्यावी लागेल? उत्तर ८०. वस्तू बनवायचा खर्च २० आणि सबसिडी ८०! एकूण ६४०० तिजोरीतून जातात आणि ते सगळेच्या सगळे कंपनीचा नफा होतात. समाजाचं जे ८०० चं नुकसान होतं ते भरून निघतं हे खरं, पण एवढी रक्कम मक्तेदाराच्या हातात ठेवायला कुठलंही सरकार धजावणार नाही आणि धजावूही नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ते ६४०० दुसऱ्या कुठल्यातरी करातूनच येणार आणि तो कर तिकडे स्वतःचं नुकसान करणार.

मग अल्पाधिकार, म्हणजे मोजक्या कंपन्या. सिम्युलेटरमध्ये कंपन्यांच्या संख्येचा स्लायडर इथे उघडतो. कूर्नोच्या पद्धतीत, म्हणजे प्रत्येक कंपनी किती बनवायचं ते ठरवते असं धरलं तर, सरळ मागणीला दोन कंपन्या असताना कराचा दोन तृतीयांश भाग ग्राहकाकडे जातो, चार असताना चार पंचमांश, नऊ असताना नव्वद टक्के. म्हणजे स्पर्धा वाढली की कर जास्त पुढे ढकलला जातो. यावरून घाईने असा निष्कर्ष काढू नका की ग्राहकाला मक्तेदारीच बरी, पहिल्याच उदाहरणात दोन कंपन्या असतील तर १० च्या करासकट किंमत ५३.३३ येते आणि एकट्या मक्तेदाराची कराशिवायची किंमत ६० असते! किती कर पुढे गेला हा एक प्रश्न आणि ग्राहक शेवटी किती देतो हा दुसरा, आणि बाईंनी हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवलेत ते फार छान केलं. दोघांची वस्तू अगदी सारखी आणि दोघं किमतीवर भांडतायत असं बर्ट्रांडचं मॉडेल घेतलं, ते १८८३ चं, तर दोन कंपन्यांमध्येच किंमत खर्चाइतकी खाली येते आणि पूर्ण कर ग्राहकावर जातो. म्हणजे कंपन्या किती आहेत एवढंच बघून चालत नाही, त्या कशावर भांडतात तेही बघावं लागतं.

याच भागात एक गोष्ट आहे जी मी आधी कुठेच ऐकली नव्हती. काही परिस्थितीत कर लावल्यावर कंपन्यांचा एकूण नफा वाढतो! मक्तेदाराचं असं कधीच होत नाही, कारण जास्त किंमत त्याला आधीही लावता आलीच असती. पण दोन-चार कंपन्या एकमेकींच्या धाकाने जास्त माल बनवत असतात, सगळ्यांनी मिळून कमी बनवलं तर सगळ्यांचा फायदा, पण एकटीने कमी बनवलं तर ती मागे पडते. कर सगळ्यांवर एकदम बसतो, सगळ्या एकदम माल कमी करतात, आणि मागणी पुरेशी चिवट असेल, लवचिकता १ च्या खाली, तर किंमत इतकी चढते की कर भरूनही हातात जास्त उरतं. म्हणजे जे काम कंपन्यांना गुपचूप संगनमत करून करावं लागलं असतं ते कराने करून दिलं. एखाद्या उद्योगाने नगामागच्या करावर फार आरडाओरडा केला नाही तर त्याची कारणं तपासताना ही शक्यताही तपासायला हवी, असं मला हा भाग बघितल्यापासून वाटतंय.

आता किंमत नियंत्रण. इथे कोर्सने सुरुवात अप्रतिम केलीय आणि शेवट अर्धवट सोडलाय.

सुरुवात अशी. दुसरं उदाहरण घेतात, मागणी १२० वजा नग, आणि सीमांत खर्च नगांच्या संख्येइतकाच, म्हणजे दहावा नग बनवायला १०, पन्नासावा बनवायला ५०. मक्तेदार ४० नग बनवतो, किंमत ८०. पूर्ण स्पर्धेत ६० नग, किंमत ६०. आता कमाल किमतीचा स्लायडर वरून हळूहळू खाली आणा, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून बघाच. ७० वर आणला तर मक्तेदार ४० च्या ऐवजी ५० नग बनवतो. किंमत कमी झाली आणि माल वाढला! कारण मर्यादा घातल्यावर जास्त विकण्यासाठी आधीच्या नगांची किंमत पाडायची भीती त्याला उरत नाही, ७० च्या वर जाताच येत नाही, मग माल रोखून धरायचा फायदा काय. ६० वर आणा, ६० नग, टंचाई शून्य, पूर्ण स्पर्धेचं उत्तर हुबेहूब. अजून खाली ५० वर आणा. आता कंपनी ५० नग बनवते आणि लोकांना ७० हवे असतात, म्हणजे २० ची टंचाई आली. पण थांबा, बनतायत ५०, आणि मर्यादा नव्हती तेव्हा बनत होते ४० च! टंचाई आहे आणि तरीही माल पहिल्यापेक्षा जास्त आहे. ४० वर आणलं की माल परत ४० वर येतो आणि रांग ४० ची होते, ३० वर आणलं की मात्र माल ३०, म्हणजे मक्तेदारीपेक्षाही वाईट.

ही एक स्लायडरची हालचाल बघितली की "किंमत नियंत्रणाने पुरवठा घटतो" आणि "किंमत नियंत्रणाने जनतेचं भलं होतं" या दोन्ही बाजूंना पुढचा प्रश्न विचारता येतो, मर्यादा नेमकी कुठे घातलीय? ८० आणि ६० च्या मध्ये? ६० आणि ४० च्या मध्ये? का ४० च्या खाली? रिकामे शेल्फ दिसले एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण रांग डोळ्यांना दिसते आणि मक्तेदाराने न बनवलेला माल दिसत नाही. ज्यांना ८० परवडत नव्हतं म्हणून ते दुकानापर्यंत आलेच नाहीत त्यांची मोजणी कोण करतं? मला या कोर्समधलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

किमान वेतनाचा भाग याचाच आरसा आहे, फक्त इथे किंमत ठरवणारा खरेदीदार असतो. एकच मोठा मालक असलेल्या कामगार बाजाराचं विश्लेषण जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये केलं, आणि त्यात किमान वेतन वाढवल्यावर पगार आणि रोजगार दोन्ही वाढू शकतात. साधे आकडे: प्रत्येक कामगाराकडून मालकाला ६० मिळतात, आणि जितके कामगार हवेत तितकं वेतन द्यावं लागतं. एकटा मालक ३० जणांना ३० वेतनावर ठेवतो, कारण एकतिसावा ठेवायचा तर सगळ्यांचं वेतन वाढवावं लागतं. किमान वेतन ४५ केलं तर ४५ जण कामावर येतात. सोबत कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचा अभ्यास सांगितलाय, तिथे एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करून १९९४ मध्ये त्यांनी दाखवलं की फास्टफूडमधला रोजगार घटल्याचं दिसत नाही. त्यावर पुढे बरेच वाद झाले हेही बाई प्रामाणिकपणे सांगतात, एका अभ्यासावर सगळं ठरवून टाकत नाहीत.

आता तो कापलेला स्टार.

सिम्युलेटरमध्ये ६० वर मर्यादा ठेवली की सगळं छान होतं, पण ते ६० कुठून आणायचे? सरकारी नियंत्रकाला कंपनीचा सीमांत खर्च माहीत नसतो, तो माहीत असतो फक्त कंपनीला, आणि खर्च जास्त सांगण्यात तिचा फायदा असतो. किंमत नियंत्रणाचं अख्खं अवघडपण इथे आहे आणि कोर्सने ते एका स्लाइडवर तोंडी लावण्यापुरतं ठेवलंय. बॅरन आणि मायर्सन यांनी १९८२ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला, खर्च न कळणाऱ्या मक्तेदाराचं नियमन कसं करायचं, आणि लाफाँ आणि तिरोल यांनी पुढे त्याचं मोठं शास्त्र उभं केलं, तिरोल यांना २०१४ चं नोबेल बाजारातली ताकद आणि नियमन यावरच्याच कामासाठी मिळालं. यातलं काहीच कोर्समध्ये नाही. खर्चावर ठरावीक परतावा द्यायची पद्धत आणली की कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतते हे अव्हर्च आणि जॉन्सन यांनी १९६२ मध्ये दाखवलं. ब्रिटनमध्ये लिटलचाइल्ड यांनी १९८३ च्या अहवालात वेगळी वाट सुचवली, दर महागाई वजा एक ठरलेला आकडा एवढेच वाढू द्यायचे, खर्च वाचवला तर तो काही वर्षं कंपनीचा, आणि १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचं खासगीकरण झालं तेव्हा ती पद्धत वापरली गेली. या दोन पद्धतींची तुलना हा एका तासाचा उत्तम व्हिडिओ होऊ शकला असता. कोर्सची जी बौद्धिक उंची आहे तिला ही पोकळी शोभत नाही.

दुसरी उणीव दर्जाची. किंमत बांधली की कंपनी दर्जा कमी करून खर्च वाचवू शकते, पॅकेट लहान, सेवा ढिली, दुरुस्तीला उशीर. सिम्युलेटरमधली वस्तू कायम तीच राहते म्हणून तिथे मर्यादा घालणं फार सोपं वाटतं. दर्जाचा एक स्लायडर टाका, निम्मे निकाल बदलतील. स्थिर खर्चाचंही तसंच. पहिल्या उदाहरणात मर्यादा २० वर आणली की तक्ता सांगतो डेडवेट लॉस शून्य, पण कंपनीचा नफाही शून्य, मग कारखाना उभारायचा खर्च, संशोधनाचा खर्च कुठून निघणार? व्हिडिओत एकदा तोंडी उल्लेख आहे, सिम्युलेटरमध्ये नाही.

तिसरी, आणि ही मला जास्त टोचली. मोजक्या कंपन्यांच्या बाजारात कमाल किंमत उलटूही शकते. कंपन्यांना आपसात न बोलता एका दरावर जमायचं असेल तर अडचण ही असते की कुठल्या दरावर, आणि सरकारने जाहीर केलेली कमाल किंमत त्यांना तो आकडाच पुरवते. निटेल आणि स्टँगो यांनी अमेरिकेतल्या १९८० च्या दशकातल्या क्रेडिट कार्डांच्या व्याजदरांचा अभ्यास करून २००३ मध्ये हे मांडलं, राज्यांनी घातलेल्या कमाल दराभोवती बँका गोळा झाल्याच्या खुणा त्यांना सापडल्या. अल्पाधिकारावर इतका सुंदर भाग करणाऱ्या कोर्सने किंमत नियंत्रणाच्या भागात फक्त मक्तेदारी घ्यावी आणि अल्पाधिकार विसरावा हे मला अजिबात पटलं नाही. मक्तेदारीयुक्त स्पर्धा तर, म्हणजे चेंबरलिन यांनी १९३३ मध्ये मांडलेला बाजार जिथे खूप ब्रँड आणि नवीन येणाऱ्याला मोकळी वाट, नावापुरतीच आहे. तिथे करामुळे काही ब्रँड बंद पडतात आणि ग्राहकाची निवड कमी होते, हा परिणाम किमतीत दिसतच नाही, त्यामुळे तो वेगळा शिकवायला हवा.

सरावप्रश्न बरे आहेत पण एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं आहे आणि ते अजून तसंच आहे. प्रश्न असा की मक्तेदाराच्या बाजारात कमाल किंमत चालू किमतीच्या खाली ठेवली तर काय होईल, आणि बरोबर उत्तर म्हणून "टंचाई निर्माण होईल" हा पर्याय धरलाय! म्हणजे व्हिडिओत चाळीस मिनिटं जे समजावलं त्याच्या बरोब्बर उलट. मी सपोर्टला सिम्युलेटरचे आकडे टाकून मेल केला, ७० ची मर्यादा आणि ५० नग वगैरे सगळं, तर "आपली सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे" एवढंच उत्तर आलं. ही किरकोळ बाब नाही, परीक्षेच्या तयारीसाठी घेणारे विद्यार्थी व्हिडिओ घाईघाईत बघतात आणि सरावप्रश्न पाठ करतात, त्यांच्या डोक्यात नेमकी तीच चुकीची समजूत पक्की होणार जी घालवायला हा कोर्स आहे. हा प्रश्न आधी दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर.

एक भाग मात्र परत कौतुकाने सांगायचाय, प्रदूषणाचा. प्रदूषण करणाऱ्यावर कर लावा हे सगळे म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण प्रदूषण करणारी कंपनी मक्तेदार असेल तर ती आधीच कमी माल बनवत असते, म्हणजे प्रदूषणही त्या प्रमाणात आधीच कमी, आणि वरून पूर्ण कर लावला तर माल गरजेपेक्षा जास्त घटू शकतो. ब्युकॅनन यांनी १९६९ मध्ये हा इशारा दिला. बाई यावरून "म्हणून कर नको" असं म्हणत नाहीत, त्या म्हणतात की अशा बाजारात कराचा आकडा प्रदूषणाच्या नुकसानीपेक्षा कमी ठेवावा लागू शकतो, आणि किती कमी ते मागणीच्या लवचिकतेवर ठरतं. मग सिम्युलेटरमध्ये नुकसानीचा स्लायडर देऊन ते करूनही दाखवतात. इथे त्यांनी जी मेहनत घेतलीय तेवढीच कमाल किमतीच्या भागात घेतली असती तर मी पाच स्टार दिले असते.

कोणी घ्यावा? अर्थशास्त्रात पदवी करणाऱ्यांनी, स्पर्धा परीक्षावाल्यांनी, आणि धोरणांवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी तर नक्की. सीमांत प्राप्ती (आणखी एक नग विकल्यावर एकूण विक्रीच्या रकमेत पडणारा फरक) म्हणजे काय हे माहीत हवं, नसेल तर सुरुवातीचा उजळणीचा व्हिडिओ आधी बघा, त्याच्याशिवाय पुढे घोडं अडेल. कॅल्क्युलस येत नसेल तरी चालतं, सगळं आलेखावर आहे. मोबाईलवर सिम्युलेटर नीट चालत नाही, स्लायडर बोटाखाली निसटतात आणि तक्ता अर्धा स्क्रीनबाहेर जातो, लॅपटॉपवरच उघडा. पहिल्यांदा उघडल्यावर कंपन्यांची संख्या १ वर ठेवा, कर शून्य करा, आणि कमाल किमतीचा स्लायडर एकेक घर खाली आणत दर वेळी विक्रीचा आकडा वहीत लिहून काढा, व्हिडिओ त्यानंतर लावा.